ताऱ्यांच्या ठिपक्यांवर गिरवलेला ‘त’

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बालवर्गातल्या प्रत्येक दप्तरात कागदांचा एक गठ्ठा जातो. पंधरा-वीस पानं, कोपऱ्यात पिन मारलेली. पानापानावर सणाची चित्रं: तारे, मेणबत्त्या, फुगे, फिती बांधलेले खोके. मधोमध ठिपक्याठिपक्यांची अक्षरं आणि वर सूचना, ‘सुट्टीत रोज एक पान गिरवणे’. असे गठ्ठे मी कित्येक वर्षं वाटले. चित्रं आवडीने निवडली, सण बदलला की पानं बदलली, आणि मुलांना अभ्यास गोड लागावा म्हणून आपण काहीतरी चांगलं करतोय असंच मला वाटायचं. आता माझं मत पक्कं झालं आहे, की हे गठ्ठे बंद व्हायला हवेत. सण बालवर्गात असावेत, लिहिणंही असावं. पण आपण त्या दोघांची सांगड जशी घालतो, तिच्यात सणाचं काही चीज होत नाही आणि अक्षराचंही नाही.

माझं मत ज्या दिवशी बदललं, तो दिवस मला नीट आठवतो. साडेचार वर्षांची एक मुलगी माझ्या शेजारी बसून ‘ताऱ्याचा त’ गिरवत होती. ठिपक्यांच्या जागी बारीक तारे छापले होते. ती एका ताऱ्यावर पेन्सिल टेकवायची, दाबायची, थांबायची, पुढचा तारा शोधायची आणि तिथपर्यंत रेघ न्यायची. काना तिने खालून वर नेला. मग शिरोरेषा ओढली, तीही उजवीकडून डावीकडे. डावीकडचं वळण शेवटी, दोन तुकड्यांत. मग पेन्सिल टाकून कोपऱ्यातला मोठा तारा पिवळ्या खडूने रंगवायला घेतला आणि त्यात मात्र ती बराच वेळ रमली. पान पुरं झालं तेव्हा त्यावरचा ‘त’ अगदी छापल्यासारखा होता. कुणीही हातात घेऊन ‘वा, छान’ म्हटलं असतं. मी पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवून म्हटलं, “इथे काढ बरं ‘त’.” तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाई, इथे ठिपके नाहीयेत.”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला ठिपके जोडायला सांगितलं होतं आणि ते तिने चोख जोडले होते. ‘त’ काढायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

कागदावर दिसतो तो अक्षराचा आकार. पण हाताला शिकायची असते ती हालचाल. कुठून सुरुवात, कुठे वळायचं, कुठे हात उचलायचा, कुठे थांबायचं. काना वरून खाली यायला हवा, शिरोरेषा शेवटी आणि डावीकडून उजवीकडे यायला हवी, असं आपण सांगतो ते शिस्तीच्या हट्टापोटी नाही. हाच हात पुढे तिसरी-चौथीत ओळीमागून ओळ लिहिणार असतो. सुरुवात दर वेळी वेगळ्या टोकाला झाली तर हाताला प्रत्येक अक्षर नव्याने शोधावं लागतं, आणि मुलाचं सगळं लक्ष अक्षर काढण्यातच संपतं. काय लिहायचंय याच्यासाठी काही उरत नाही. गिरवलेल्या पानावर ही चूक दिसतच नाही. खालून वर नेलेला काना आणि वरून खाली आणलेला काना, शाई तीच. वाईट काढलेलं अक्षर निदान बाईंच्या नजरेला पडतं. चुकीच्या क्रमाने गिरवलेलं सुबक अक्षर नजरेतून निसटतं, आणि पुढच्या वीस पानांत ती चूक हाताच्या अंगवळणी पडते.

हे केवळ माझ्या वर्गापुरतं नाही. 2012 साली अमेरिकेतल्या करिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी अजून वाचायला न लागलेल्या, पाच वर्षांच्या आसपासच्या 15 मुलांवर एक प्रयोग केला. काही अक्षरं मुलांनी स्वतःच्या हाताने कोरी काढली, काही ठिपक्यांवर गिरवली आणि काही कीबोर्डवरचं बटण दाबून उमटवली. नंतर तीच अक्षरं त्यांना दाखवून मेंदूत काय घडतं ते एमआरआय यंत्राने पाहिलं. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झाले. गिरवलेल्या आणि बटण दाबून उमटवलेल्या अक्षरांच्या वेळी तसं झालं नाही. गिरवण्याची गत बटण दाबण्यासारखी झाली, हे वाचून मी हादरले. बटण दाबण्यात लिहिणं नाही हे कुणालाही पटेल. पण हातात पेन्सिल आहे, कागदावर रेघ उमटतेय, मान खाली आहे, म्हणजे मूल लिहितंय, असं आपण धरून चालतो.

जेम्स यांनी याचं एक कारण सुचवलं आहे आणि मला ते फार पटतं. मुलाच्या हातून निघालेलं प्रत्येक अक्षर वेगळं असतं. एक जाडं, एक कललेलं, एकाची गाठ सुटलेली, एकाचं पोट फुगलेलं. या सगळ्या वेड्यावाकड्यांत ‘त’ चं ‘त’पण कशात आहे, हे मुलाचं डोकं आपोआप गोळा करत जातं. ठिपक्यांवर हे होतच नाही, कारण वीसच्या वीस ‘त’ एकाच साच्यातले. आपण ज्याला घाणेरडं अक्षर म्हणून खोडतो, त्यातूनच मूल अक्षर शिकत असतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मग इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींच्या शाळेत खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवतात, त्याचं काय? आणि आपल्या भाषेत ‘धुळाक्षरं गिरवणं’ म्हणजेच शिकायला सुरुवात करणं, त्याचं काय? या दोन्हींत आणि ठिपक्यांच्या पानात फरक आहे. खरखरीत अक्षरावर फिरतं ते बोट, आणि बोटामागे काही उमटत नाही. त्यामुळे ‘झालं पान’ असं दाखवायला काही उरत नाही. उरते ती बोटाच्या टोकाला बसलेली वाट. धुळीतलं अक्षरही हात फिरवला की गेलं, पुन्हा काढायचं. शिवाय शेजारी कुणीतरी बसलेलं असतं, पहिल्यांदा बोट धरून फिरवणारं. ठिपक्यांच्या पानाची सोय अशी की शेजारी कुणी बसावंच लागत नाही, आणि नेमकी तीच त्याची खोट आहे.

मॉन्टेसरींच्या मुलांचं लिहिणं गिरवण्यावर थांबलंही नाही. त्यांचं पहिलं ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, रोममध्ये 6 जानेवारी 1907 रोजी उघडलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, ऊन छान पडलं होतं म्हणून मॉन्टेसरी मुलांना घेऊन गच्चीवर गेल्या होत्या. शेजारी बसलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाला त्यांनी खडू दिला आणि समोरच्या धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. त्याने ते फरशीवर काढलं, त्यांनी कौतुक केलं, आणि क्षणभर थांबून तो ओरडलाच, “मला लिहिता येतं!” गुडघे टेकून त्याने तिथेच ‘हात’ हा शब्द लिहिला, मग ‘धुराडं’, मग ‘छप्पर’. समोर कित्ता नव्हता, ठिपके नव्हते. बोटाने फिरून फिरून अंगात मुरलेलं अक्षर त्या दिवशी आपण होऊन बाहेर आलं. मला सर्वांत भावतं ते हे, की त्याने लिहिलं ते आजूबाजूला जे होतं ते आणि ज्याने लिहिलं तो हात.

आता चित्रांकडे येऊ. चित्र असलं की मुलं आनंदाने लिहितात, हा बहुतेकांचा अनुभव म्हणून सांगितला जातो. मुलं आनंदाने बसतात हे खरं आहे. पण त्या आनंदात ती काय करतात हे एकदा घड्याळ लावून पाहावं. माझ्या शेजारच्या मुलीचा वेळ ताऱ्यावर गेला, ‘त’ वर नाही. 2014 साली ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत बालवर्गातल्या 24 मुलांना आलटून पालटून दोन खोल्यांत शिकवलं. एका खोलीच्या भिंती तक्त्यांनी आणि चित्रांनी भरलेल्या, दुसरीच्या जवळजवळ रिकाम्या. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलेलं होतं, आणि शिकवलेल्यावरच्या प्रश्नांना त्यांची बरोबर उत्तरंही कमी आली: 55 टक्क्यांच्या जागी 42 टक्के. तो प्रयोग भिंतींचा होता, कागदाचा नव्हे. पण भिंत निदान चार हातांवर असते. पानावरचा फुगा तर पेन्सिलीच्या टोकाला खेटून असतो.

आणि सणाच्या पानांवरचे आकार निवडतं कोण? मोठी माणसं, आणि ती आपल्या डोळ्यांनी निवडतात. मूल पाहून गोल काढू लागतं ते साधारण तिसऱ्या वर्षी, अधिकचं चिन्ह चौथ्या वर्षी, चौकोन साडेचारच्या सुमारास आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास. तिरकी रेघ सर्वांत उशिरा जमते. आणि तारा म्हणजे तिरक्या रेघांचंच बनलेलं कोडं. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि ती घट्ट व्हायला बालपणाची बरीच वर्षं जातात, या वयाला हा हात अजून घडतो आहे. त्या हाताला चार वर्षांचा असताना ताऱ्याच्या कडेवरून पेन्सिल न्यायला लावायचं, रेघ बाहेर गेली की ‘नीट काढ’ म्हणायचं, आणि या सगळ्याला सणाची मजा म्हणायचं. त्यापेक्षा माती मळावी, कागद फाडून चिकटवावेत, खडूने जमिनीवर मोठाले गोल आणि दंड काढावेत. अक्षराला लागणारी बोटं तिथे तयार होतात.

मग ही पानं टिकली कशी? याचं उत्तर मला एका जुन्या प्रथेत सापडलं. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये ‘ख्रिसमस पीस’ नावाचे मोठे कागद मिळत. कडेने छापलेली नक्षी आणि चित्रं, मधली जागा कोरी. नाताळच्या सुट्टीआधी शाळेतली मुलं त्या कोऱ्या जागेत आपलं सर्वांत वळणदार अक्षर काढत आणि घरी नेऊन आईवडिलांना दाखवत: पाहा, वर्षभरात हस्ताक्षर किती सुधारलं. धर्मादाय शाळांतली मुलं तेच कागद घेऊन घरोघर दाखवत फिरत आणि लोक त्यांच्या हातावर काही ठेवत. म्हणजे सणाच्या चौकटीत मुलाचं अक्षर बसवण्याची कल्पना आजची नाही. आणि तो कागद कुणासाठी होता हे तिथे स्वच्छ दिसतं. तो पाहणाऱ्यासाठी होता.

आपले गठ्ठेही तसेच आहेत. शाळेला दाखवायचं असतं की सुट्टीतही आमचं लक्ष आहे. पालकांना पाहायचं असतं की भरलेली फी वाया गेली नाही. शिक्षिकेला हातात काहीतरी पुरावा हवा असतो, कारण मूल माती मळत होतं किंवा गप्पा मारत होतं हे फाइलला लावता येत नाही. यात कुणाची नियत वाईट नाही, माझीही नव्हती. पण तीन मोठी माणसं एकमेकांना धीर देण्यासाठी कागद फिरवतात आणि त्याची मजुरी साडेचार वर्षांचं मूल करतं, हे मला आता सहन होत नाही. तेही सुट्टीत. त्या जुन्या कागदात निदान मधली जागा कोरी असायची, आम्ही तीही ठिपक्यांनी भरून टाकली.

सण म्हटलं की मुलांच्या पोटात सांगण्यासारखं खूप साठतं. कोण येणार, काय मिळणार, कुठे जायचं, रात्री किती वाजेपर्यंत जागायचं. लिहिण्याला यापेक्षा चांगलं निमित्त वर्षभरात सापडत नाही. रोममधल्याच त्या बालगृहांमधलं, पाच वर्षांच्या एका मुलाने शाईने लिहिलेलं एक पत्र छापून जपलेलं आहे. त्यावर तारीख आहे 7 एप्रिल 1909, ईस्टरच्या चार दिवस आधीची. ज्या संस्थेच्या इमारतींत ही बालगृहं भरत तिचे प्रमुख, अभियंता एदोआर्दो तालामो, आणि मारिया नावाची एक राजकन्या यांना ईस्टरच्या शुभेच्छा द्यायच्या आहेत, त्यांनी आपल्या गोड मुलांना इकडे घेऊन यावं असं सांगायचं आहे, आणि मग पुढचं वाक्य: हे माझ्यावर सोपवा, सगळ्यांच्या वतीने मी लिहीन. सणाच्या निमित्ताने लहान मुलाने केलेलं हे लेखन मी जेव्हा जेव्हा आठवते, तेव्हा मला आमच्या गठ्ठ्यांची लाज वाटते. त्या मुलाला कुणालातरी काहीतरी कळवायचं होतं. कागदाच्या पलीकडे माणसं होती, आणि ती येण्याची शक्यता होती.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी हीच गोष्ट तर्काने मांडली. लिहायला शिकवणं म्हणजे हाताला अक्षरं काढण्याची कसरत शिकवणं, असं शाळा धरून चालतात याबद्दल त्यांची तक्रार होती. मुलाला लिहिण्याची गरज वाटली पाहिजे, त्याच्या जगण्यात त्याचं काही काम असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बोलायला शिकताना आपण मुलाला ‘पाणी, पाणी, पाणी’ असं वीसदा म्हणायला लावत नाही. त्याला तहान लागते आणि ते म्हणतं.

मी गेली काही वर्षं गठ्ठ्याऐवजी प्रत्येक मुलाला एक जाडसर कोरा कागद मधे दुमडून देते आणि एक पाकीट. कुणाला पाठवायचं ते मुलाने ठरवायचं. काय लिहायचं तेही. एखादं मूल फक्त आपलं नाव लिहितं, एखादं ‘ये’ एवढंच. ‘ये’ ला एक अक्षर आणि एक मात्रा लागते. वीस पानांत जे शिकवायचं ते त्या एका शब्दात असतं. ‘य’ चं वळण येत नसेल तर मी वेगळ्या कागदावर मोठा ‘य’ काढून दाखवते, हळू, तोंडाने बोलत: इथून निघालो, पोटात वळलो, आता काना खाली. मूल हवेत बोट फिरवतं, माझ्या तळहातावर काढतं, मग पाटीवर, आणि मग आपल्या कागदावर, नमुना झाकून. याला सगळं मिळून पाच-सात मिनिटं लागतात. ज्याला अजून अक्षर येतच नाही ते चित्र काढतं, मला मजकूर सांगतं, मी त्याच्यासमोर लिहिते आणि ते खाली आपल्या नावाचं पहिलं अक्षर ठोकून देतं. ऱ्हस्व-दीर्घ मी खोडत नाही. उलटा पडलेला ‘ग’ सुद्धा नाही. पाच-सहा वर्षांपर्यंत अक्षरं आरशातल्यासारखी उलटी पडणं नेहमीचं आहे. पत्र वाचणाऱ्याला ते कळतं, आणि तेवढं पुरतं.

घरीही असंच काम काढता येतं. पिशवीत काय काय भरायचं त्याची यादी. येणाऱ्या पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. दारावर ‘आत या’. खोक्यावर ‘उघडू नका’. हे मुलं पुन्हा पुन्हा लिहितात, कुणी न सांगता, कारण चिठ्ठी फाटते, हरवते, वाऱ्याने उडते आणि नवी करावी लागते. सराव म्हणजे हाच.

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशेजारी बसणार कोण, हा प्रश्न मला रोज पडतो आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. मी चार-चार मुलांचे गट करते. बाकीची मुलं तेवढा वेळ माती, कात्री, ठोकळे यांत असतात. काही दिवस कुणाची पाळी येतच नाही. पण चाळीस मुलांना चाळीस पानं देऊन त्यांच्यावर लक्ष ठेवलं असं म्हणण्यापेक्षा चौघांचे हात खरोखर पाहिले, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. ज्यांच्या घरी पत्र लिहून घ्यायला कुणाला सवड नाही, त्यांचं पत्र सुट्टीआधीच वर्गात पुरं व्हावं. गठ्ठा त्या घरांतही पोचतच होता आणि तिथे तर तो मुलाने एकट्याने, कुणी न बघता भरलेला असायचा.

ज्या मुलांचा हात फारच अडखळतो, त्यांना गिरवण्याची मदत होते हे मला मान्य आहे. पण तिथेही सुरुवातीचा ठळक ठिपका हवा, दिशेचा बाण हवा, अक्षर मोठं आणि सलग हवं, शेजारी माणूस हवं, आणि दोन-तीनदा गिरवून झालं की लगेच कोरी जागा. ताऱ्यांची झालर त्यांना तर सर्वांत जास्त नडते. आणि सुट्टीत विसरतील याची भीती? विसरतात थोडं. ज्याला अक्षराचं काम कळलं आहे त्याचं विसरलेलं आठवड्यात परत येतं. ठिपक्यांशिवाय ज्याला कधी काढताच आलं नाही त्याच्याकडे विसरण्यासारखं काही नसतंच.

छापील पानाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. छापील पान एकच सण एकाच तऱ्हेने सर्वांच्या घरात घालतं. वर्गात असं एखादं मूल असतं की ज्याच्या घरी तो सण नसतो, किंवा यंदा घरात दुःख असतं. कोऱ्या कागदावर त्याला हवं ते लिहिता येतं. एका मुलाने सणाचं काहीच न लिहिता ‘बाबा कधी’ एवढंच लिहिलं होतं. त्याला द्यायला माझ्याकडे कुठलंही छापील चित्र नव्हतं.

त्या ‘त’वाल्या मुलीने तिचं पत्र मामाला लिहिलं. ‘ताई’ लिहायचं होतं तिला, धाकट्या बहिणीकडून ही आता घरात ताई म्हणवून घ्यायला लागली होती आणि ती बातमी मामाला कळवायची होती. पहिला ‘त’ आडवा झाला, दुसऱ्याचा काना शिरोरेषेच्या वर डोकावला. तिसऱ्यांदा तिने काना वरून खाली ओढला, शिरोरेषा शेवटी दिली आणि पुढच्या ‘ई’ ला जागा उरली नाही म्हणून तो खालच्या ओळीत लिहिला. पाकीट चिकटवण्याआधी तिने कागद पुन्हा उघडून पाहिला आणि मला विचारलं, “मामाला हे वाचता येईल ना?”